मागच्या खिशाचं बटण

भाऊ, तुम्हाला शेवटचं कुशीवर मीच वळवलं, तुम्ही गेल्यानंतर. अंग पुसायला वळवावं लागतंच, पण खोटं कशाला सांगू, मी वळवलं ते जखम बघायला. पाच महिने रोज बघत आले, त्या दिवशी नाही बघितली तर काहीतरी राहून गेल्यासारखं झालं असतं. होती तशीच होती. उजव्या बाजूला, बसायच्या हाडावर. मी ट्रे आणला, जखम धुतली, नवीन पट्टी लावली. आपली कल्पनाताई बादली धरून उभी होती. ती म्हणाली, "ओ सिस्टर, आता कशाला?" मी म्हटलं, "मग काय उघडी पाठवू?" आणि तिच्यावरच खेकसले. तिने काही मनावर घेतलं नाही. ती मला ओळखते.

काल तुमच्या गावी पुण्यानुमोदनाला जाऊन आले. पांढऱ्या कपड्यांतली एवढी माणसं एका अंगणात बघितली, आणि पहिला विचार आला तो हा की यातले निम्मे सदरे तरी तुमच्या हातचे असणार. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि निघताना तुमच्या लेकाने, संदेशने मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला सांगावी म्हणून लिहायला बसले आहे. पण ती पटकन तोंडातून निघत नाहीये. आधी थोडं तुमच्याशी बोलून घेते. इतके दिवस बोलले नाहीये, जीभ जड झाली आहे.

तुमच्या पलंगावर आज देवरुखकडचे एक मास्तर आले. बरे आहेत बिचारे, शांत आहेत. तेच खुपतं. तुम्ही होतात तोवर आमच्या हॉलमध्ये शांतता म्हणून कधी नव्हती. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ तुम्ही स्वतःच्या मालकीचं करून टाकलं होतंत. दोन तास झाले की तुमची आरोळी यायची, एसटी स्टँडवरच्या माणसाच्या थाटात: "शांताकाकू, डावी कूस! डावी कूस लागलेली हाय! खोतकाका, उताणे, पुढं उजवी!" सोळा पलंगांची वेळापत्रकं तुम्हाला तोंडपाठ. शांताकाकूंना बोलता येत नाही, पण त्या हसायच्या, अर्धं तोंड वर जायचं. मी जेवत असले तरी तुम्ही सोडायचा नाहीत. "सिस्टर, घास खाली ठेव. काकूंची गाडी सुटली." मी वैतागायचे. ओरडायचे, "भाऊ, इथली इन्चार्ज मी आहे!" तुम्ही म्हणायचात, "व्हय गो बाय, मी आपला कंट्रोलर."

आता मोबाईलवर गजर लावलाय. तो वाजतो, आम्ही वळवतो. सगळं वेळेवर होतं. काल परवा एकदा गजर वाजून गेला आणि मी तशीच थांबून राहिले, तुमची आरोळी येईल म्हणून. कल्पनाताईने हात लावून हलवलं तेव्हा भानावर आले.

तुम्ही आलात तो दिवस मला नीट आठवतो. हातखंब्याच्या तिठ्यावर, हायवेला लागून, तुमचं शिवणाचं दुकान, त्याच्यावर पत्रे बसवताना पडलात, मणका गेला, कमरेखालचं सगळं गेलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून संदेशने आणून आमच्याकडे ठेवलं. आमचं केंद्र मिरजोळ्याच्या पुढे, कारखाने संपतात तिथं, म्हणून तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, "हितं माणसं दुरुस्त करतात की पंपाचे पार्ट?" मी तेव्हा हसले नाही. मी तुमची पाठ तपासत होते. कंबर, टाचा, कोपर, कानाच्या मागे. सगळीकडे बोट दाबून बघत होते. लाल झालेल्या जागेवर बोट दाबलं की ती पांढरी पडते, सोडलं की परत लाल होते, तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर समजायचं, आतून कुजायला सुरुवात झाली. असं आम्हाला कॉलेजात शिकवलेलं.

तुम्ही मान वळवून बघत होतात. म्हणालात, "काय शोधतेस?"

"लाल डाग."

"माजी कातडी काळी. तिच्यात तुला लाल काय दिसनार? हात लाव."

आणि मग तुम्ही मला शिकवलंत. कापड बघायचं तर डोळ्यांनी नाही, उलट्या बोटांनी. बोटांची मागची बाजू फिरवायची, हलकी. ताग्यात कुठे पाणी लागलेलं असलं, कुठे सूत घट्ट बसलेलं असलं, कुठे विरलेलं असलं, ते डोळ्याच्या आधी बोटांना कळतं. "कातडीचंबी तसंच आसंल," म्हणालात. होतंच तसं. जिथे बिघडायला लागतं तिथे आजूबाजूपेक्षा गरम लागतं, किंवा घट्ट लागतं, किंवा उलट पाणी भरल्यासारखं मऊ. हे पुस्तकातही आहे, भाऊ. मी वाचलेलं होतं. पण माझ्या हाताला ते तुमच्यामुळे आलं. आमच्याकडची निम्मी माणसं उन्हातान्हात काम करून काळी झालेली. त्यांच्यावरचे लाल डाग मी त्याआधी किती वेळा बघूनही सोडले असतील, कुणास ठाऊक. आज मास्तरांची पाठ बघताना माझा हात आपोआप उलटा झाला आणि मला तिथेच रडू आलं. मास्तर घाबरले. म्हणाले, "एवढं वाईट आहे काय?" मी म्हटलं, "नाही हो, पाठ उत्तम आहे."

तुम्ही पायमशीनवर उभं आयुष्य काढलेला माणूस, आणि पायच गेले. मला वाटलं होतं हे आता भिंतीकडे तोंड करून पडून राहणार. महिनाभरात तुम्ही कल्पनाताईकडून जुन्या साड्या, सुई-दोरा मागवलात आणि सावरीच्या कापसाच्या उशा शिवायला घेतल्यात. टाचेखाली ठेवायच्या नव्हेत, पोटरीखाली ठेवायच्या, म्हणजे टाच हवेत राहते. मी नुसतं तोंडाने सांगितलं होतं, तुम्ही मापं घेतलीत. शांताकाकूंची पोटरी केवढी, खोतकाकांची केवढी. आणि प्रत्येक उशीची शिवण बाहेरच्या कडेला, अंगाखाली टाका म्हणून येऊ द्यायचा नाही. का, तर तुम्ही तिठ्यावर ट्रकवाल्यांची सीट कव्हरं शिवायचात. मुंबईहून गोव्याला जाणारा माणूस दिवसभर बसणार, त्याच्या बुडाखाली शिवण आली तर तो पणजीपर्यंत तुम्हाला शिव्या घालणार. "शिवनीवर मानूस बसवायचा नाय," हे तुमचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही. चादरीला सुरकुती दिसली तरी ओरडायचात. सदऱ्याचं बटण पाठीमागे आलं तरी ओरडायचात. खोतकाकांच्या मुलीने कौतुकाने रबराची रिंग आणली बसायला, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच म्हणालात की ही कडेने आवळणार आणि मधलं रक्त अडवणार, परत घेऊन जा. आणि कल्पनाताई लाल जागेवर खोबरेल तेल घेऊन रगडायला लागली, तेव्हा मी तिला झापायच्या आत तुम्ही पलंगावरून म्हणालात, "ताई, चुरगाळलेलं कापड घासायचं नसतं, सोडून द्यायचं असतं." तेल बंद झालं. माझं सहा महिने कोणी ऐकत नव्हतं.

म्हणून मला ते बटण समजत नाही, भाऊ. आजही समजत नाही.

आपलं एक भांडण होतं, ते कधी संपलंच नाही. मी म्हणायचे, कातडी सांभाळा, कातडी गेली की माणूस जातो. तुम्ही म्हणायचात, "नुसती कातडी राखून काय मानूस राखला जातो काय गो?" मी म्हणायचे, हो, तिथूनच सुरुवात होते. तुम्ही गेटकडे बघायचात. तेव्हा मला वाटायचं, मी जिंकले. माझं तोंड असं आहे की मला जिंकण्याची घाई असते. तुम्ही गेटकडे का बघता, हे विचारायला मला जवळजवळ वर्ष लागलं. विचारलं तेव्हा तुम्ही साधंच उत्तर दिलंत. "संदेश येतो काय बघतंय." आणि मग, "नेतो काय बघतंय."

तुम्हाला घरी जायचं होतं. हे तुम्ही एकदाच बोललात. परत कधीही नाही, आणि संदेशला तर कधीच नाही. मी म्हटलं, "सांगा ना त्याला." तुम्ही म्हणालात, "कल्यानला त्याची एक खोली. त्याच्यात ती चौघं. मी तोंडानी कसं सांगू? त्येला आपसूक वाटलं तर गोष्ट येगळी." मग तुम्ही तुमचा हिशोब मांडलात, ज्याच्यावर मी तेव्हा फक्त मान डोलावली. आडव्या माणसाला कोणी घरी नेत नाही. आडवा माणूस म्हणजे ओझं. बसलेला माणूस म्हणजे माणूस. बसलेला माणूस दाराशी बसेल, पोरांचा अभ्यास घेईल, बटणं लावून देईल, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलेल. त्याने मला बसलेला बघायला हवा.

मग चौदा एप्रिलला संदेश जयंतीसाठी गावी आला, आणि दुसऱ्या दिवशी परत जाताना बायको-मुलांना घेऊन सकाळी दहाला इकडे येतो म्हणाला.

तुम्ही सकाळी लवकर उठलात. दाढी करून घेतलीत. कल्पनाताईने पेटीतून तुमचा पांढरा सदरा काढला आणि ती पँट काढली. संदेशच्या लग्नात घालायला तुम्ही स्वतः शिवलेली, करड्या रंगाची, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती. आमच्याकडे सगळे नाडीच्या सैल चड्ड्या नाहीतर लुंगी घालतात, कारण उघड आहे. मी बघितलं आणि म्हणाले, "पँट कशाला? लेंगा घाला." तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. पँटच्या मागच्या खिशाकडे मी बघितलं नाही. त्या खिशाला बटण असतं, हे मला काय, कुणालाही माहीत असतं. पण मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. तीन वर्षांत तुम्ही मला एवढे देखणे कधी दिसला नव्हतात.

नऊ वाजता तुम्हाला व्हीलचेअरवर बसवून पडवीत आणलं, गेटसमोर. तुमचे दंड मजबूत होते. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हात टेकून बूड उचलायचं, दहा आकडे मोजायचे, खाली बसायचं, हे तुम्हाला झोपेतही येत होतं. दहा वाजेपर्यंत तुम्ही ते केलंत, मी आतून बघत होते. साडेदहाला फोन आला की रस्त्याचं काम चालू आहे, गाड्या अडकल्यात. अकराला, थोडं थोडं सरकतंय. बाराला फोन लागला नाही. साडेबाराला मी बाहेर आले आणि म्हटलं, "भाऊ, तासभर पडा. तो आला की मी लगेच बसवते. दोन मिनिटं लागतात."

"आता येल तो. हातखंब्याला आला आसंल."

"येऊ दे. थांबेल दोन मिनिटं."

तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. तुम्ही कधी धरायचा नाहीत. "बाय, तो गाडीतनं उतरताना मी आडवा दिसलो तर ती दोन मिनिटं माज्या जल्माची जातील. बसू दे मना. तुज्या पाया पडतो."

मी हरले. आणि मनापासून सांगते, मला हरायचंच होतं. मला तुम्ही घरी जायला हवे होतात. म्हणून मी म्हटलं, "बरं, पण हात टेकून उठत राहा." तुम्ही हो म्हणालात. मग एक नवीन पेशंट आला, रत्नागिरीतून रुग्णवाहिकेने, आणि मी त्याच्यात अडकले. मधून मधून कल्पनाताई डोकावत होती, ती म्हणे, बसलेत हो छान. छानच बसला होतात. हात टेकून उठत होतात की नाही, ते तिने बघितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या कामात ही एकच गोष्ट विचारायची असते.

साडेतीनला गाडी आली. तुम्ही सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्यात. संदेश पुढे आला, सूनबाई आली, मोठा नातू लाजत मागे उभा राहिला आणि धाकटी नात धावत येऊन थेट तुमच्या मांडीवर चढली. मी दारात उभी होते. मला तेव्हाच पुढे होऊन तिला उतरवायला हवं होतं, एवढं वजन त्या हाडावर. पण तुम्ही तिच्या फ्रॉकची उसवलेली बाही बघत होतात आणि सुई मागत होतात. सुई मीच आणून दिली, भाऊ. तुम्ही तिला मांडीवर ठेवूनच बाही शिवलीत, आणि सगळे हसत होते, आणि मीही हसत होते. पाऊण तास ती माणसं थांबली. पेढे दिले, फोटो काढले. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत तुम्ही ताठ बसून हात हलवत राहिलात. मग म्हणालात, "झोपव आता."

तुम्हाला पलंगावर घेऊन पँट काढली तेव्हा मला ते दिसलं. दिसलं म्हणजे डोळ्यांना फारसं नाही. उलट्या बोटांना कळलं. गरम, लाकडासारखं घट्ट, आणि मधोमध गोल वळ. बटणाएवढा, कडेसकट. तुम्हाला काहीच कळलं नव्हतं, तिथे तुम्हाला काही कळतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जागा जांभळी झाली, चौथ्या दिवशी फोड आला, आणि आठवड्यात तिथे अंगठा जाईल असा खड्डा पडला. वरून बटणाएवढं दिसतं, आत हाडापर्यंत गेलेलं असतं. हे नुकसान त्या दुपारीच झालेलं होतं, आम्ही फक्त ते वर यायची वाट बघत होतो.

मी तुम्हाला विचारलं होतं. पट्टी करताना, तुम्ही पालथे असताना, म्हणजे मला तुमचा चेहरा दिसू नये. "भाऊ, तुम्हाला बटण ठाऊक नव्हतं?"

"इसारलो."

"चाळीस वर्षं शिवलंत आणि विसरलात?"

मी चिडले. म्हटलं, मला आधी काढून टाकता आलं असतं, एका कात्रीचं काम होतं. तुम्ही उशीत तोंड खुपसून म्हणालात, "मग ती पँट ऱ्हायली नसती गो." मला हे उत्तर तेव्हा कळलं नाही, आणि आता जेवढं कळतं तेवढं तरी तुम्हाला म्हणायचं होतं की नाही, ते विचारायची सोय राहिली नाही. तुम्ही बटण विसरला होतात, की बटणासकट बसला होतात? रोज सकाळी हाच प्रश्न घेऊन मी कामाला येते.

जखम भरायची तर बसायचं नाही. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमच्या डोळ्यांत काय आलं ते मी बघितलं आहे. एप्रिलनंतर तुम्ही एकदाही बसला नाहीत. डावी कूस, पालथे, डावी कूस. मे महिन्यात कडा जुळायला लागल्या, मी तुमचा हात धरून तुम्हाला जखमेच्या कडा दाखवल्या मोबाईलमध्ये, तुम्ही म्हणालात, "काठ बरा धरलाय." मग जुलैत लघवीला जंतू झाले, ताप आला, जेवण तुटलं, आणि जेवण तुटलं की जखम भरत नाही. दोन महिने आम्ही जी खटपट केली ती केली. डॉक्टरांनी कागदावर हृदयक्रिया बंद पडली असं लिहिलंय. ते खोटं नाही. ते कुणाच्याही बाबतीत खोटं नसतं.

दर रविवारी संदेशचा फोन यायचा. डॉक्टरांनी त्याला जखमेचं सांगितलं होतं, औषध चालू आहे म्हणून. तो तुम्हाला विचारायचा. तुम्ही स्पीकर लावून, पालथे पडून, हसत सांगायचात, "काय नाय रे, बारीक चीर हाय. मी रोज बाहेर बसतंय. कालच दोन तास बसलो." मी शेजारी ट्रे घेऊन उभी असायचे. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवायचात, बोलू नको म्हणून. आणि मी, जी कुणाचं ऐकत नाही, जिने डॉक्टरांनाही तोंडावर सांगितलंय की तुमच्या फोमच्या गादीचा दर्जा भिकार आहे, मी तुमचं ऐकायचे. खोटं बोलले नाही, पण गप्प राहिले. तुमची आशा मोडायचं काम माझ्याने होत नव्हतं. तुम्ही अजून त्या पडवीतल्या दुपारवर जगत होतात. विचारायचात, "बसलो व्हतो ना बरा? दिसत व्हतं ना?" मी म्हणायचे, "फोटोत बघा ना, कलेक्टर दिसताय." तुम्ही म्हणायचात, "मग इचार करील तो. टाइम लागतो मानसाला."

मला तुमची फार आठवण येते, भाऊ. कामाची नाही, तुमची. वडील गेले तेव्हा मी लहान होते, कुणी मला "घास खाली ठेव" म्हणून हक्काने उठवलं नव्हतं. दुपारचं जेवण आता निवांत होतं आणि गोड लागत नाही. शांताकाकू घड्याळाकडे बघतात, मग तुमच्या पलंगाकडे. मी त्यांना सांगितलं, भाऊ गेले. त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच डाव्या कुशीवर व्हायला बघू लागल्या. त्यांना जमत नाही हे त्यांनाही माहीत आहे. मी जाऊन वळवलं.

आता कालचं सांगते. टाळून टाळून किती टाळणार.

जेवणं झाल्यावर संदेश मला गाडीपर्यंत सोडायला आला. गावच्या त्या चढावर तुमचं घर, खाली शेतं, भात निसवलेलं होतं. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, "संदेश, मला काहीतरी सांगायचंय. ती जखम एप्रिलमधल्या त्या दिवसाची. मी त्यांना सव्वासात तास बसू दिलं. बसवायला नको होतं. मला माहीत होतं नको होतं. आणि नंतर फोनवर ते बसतो म्हणायचे तेव्हा मी तुम्हाला खरं सांगायला हवं होतं."

तो रागावेल असं वाटलं होतं. मला तो रागावायला हवा होता. तो नुसता शेताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सिस्टर, त्या दिवशी आम्ही गेटच्या बाहेर पडलो ना, तर ही म्हणाली, बाबांना आपल्याकडे नेऊया. पोटमाळ्याखाली जागा करू, मी घरीच असते, मला शिकवतील सिस्टर काय करायचं ते. पोरगी पण मागे लागली होती. मी गाडी बाजूला घेतली पण होती, खरं."

मी म्हटलं, "मग?"

"मग मीच बोललो हिला. कशाला? बघितलंस ना कसे बसलेत. एवढे बरे मी त्यांना पडल्यापासून बघितले नव्हते. बोललो, तिथे चांगलं चाललंय त्यांचं, आपण नेलं तर आडवे पडतील." एवढं बोलून त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "ते आडवे असते ना सिस्टर, तर मी त्याच दिवशी उचलून नेलं असतं."

मी गाडीत बसले, दार लावलं, हातखंब्यापर्यंत ड्रायव्हरने एकदाही रेडिओ लावला नाही, इतकी मी रडत होते. तुम्ही असतात तर मी हे तुम्हाला कधीच सांगितलं नसतं. रविवारी तुमच्या शेजारी ट्रे घेऊन उभी राहिले असते आणि फोटोत तुम्ही कलेक्टर दिसता असंच म्हणत राहिले असते. पण आता हे एकटीला पेलत नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. तुम्ही त्या दिवशी इतके छान बसला होतात, भाऊ, की त्यांनी तुम्हाला नेलंच नाही.